भिंतीची भेग आणि पायाचं दुखणं: कसं ओळखायचं, कसं मोजायचं, आधी काय करायचं

भिंतीला भेग पडली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "गिलावा सुटलाय, पुट्टी भरून रंग मारू." दुसरा म्हणतो, "पाया खचला, आता घराचं काही खरं नाही." बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं, कारण दोघांपैकी कोणीही त्या भेगेसमोर पाच मिनिटं उभं राहिलेलं नसतं.

बांधकामाच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर माझं एकच म्हणणं उरलं आहे. पायाचं दुखणं बहुधा काँक्रीटचं नसतं, ते मातीचं असतं. आणि मातीचं दुखणं बहुधा पाण्यातून येतं. त्यामुळे भेग दिसली की आधी पाहायचं, मग मोजायचं, मग पाण्याची वाट बदलायची, आणि भरायचं काम सगळ्यात शेवटी. आपल्याकडून नेमकं उलट होतं. एका घराच्या कोपऱ्यातली भेग मालकाने तीन वर्षांत तीनदा भरून घेतली होती. चौथ्यांदा मला बोलावलं. बाहेर जाऊन पाहिलं, तर गच्चीचा पाइप त्याच कोपऱ्यात जमिनीपासून हातभर उंचीवर संपलेला आणि खाली मातीत घमेल्याएवढा खळगा. तीन वेळा पुट्टी लागली; पाइपाला एक कोपर आणि दोन मीटर नळी मात्र कोणी जोडली नव्हती.

खचणं आणि बिघडणं यात फरक आहे

प्रत्येक घर थोडंफार बसतं. मातीवर वजन आलं की ती दबते. वाळूत हे काम बांधकाम चालू असतानाच उरकतं, चिकणमातीत ते वर्षानुवर्षं चालतं. सगळं घर सारखं बसलं तर भिंतींना त्याचा पत्ताही लागत नाही. फार तर बाहेरून आत येणाऱ्या पाइपांना ताण पडतो. खरा त्रास होतो तो एक भाग बसला आणि शेजारचा तिथेच राहिला म्हणजे.

हा फरक किती चालतो? स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड या दोन अभियंत्यांनी ९८ इमारतींची पाहणी करून १९५६ साली एक हिशोब मांडला, तो आजही वापरात आहे. दोन खांबांमधल्या अंतराच्या ३०० व्या भागाएवढा बसण्यात फरक पडला की भिंतींना भेगा जायला लागतात. १५० व्या भागापर्यंत गेला की खांब-तुळयांच्या सांगाड्यालाच इजा होते. म्हणजे तीन मीटर अंतरावरच्या दोन खांबांपैकी एक दुसऱ्यापेक्षा फक्त एक सेंटिमीटर जास्त बसला, तरी भिंत बोलते. दोन सेंटिमीटरला मामला गंभीर. डोळ्यांना हे बसणं दिसत नाही, भेगच दिसते.

माती का हलते

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण निम्म्याहून जास्त वेळा तिथेच गोष्ट संपते. १०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ हजार लिटर पाणी खाली येतं. चार कोपऱ्यांना चार पाइप असतील तर प्रत्येक कोपऱ्यात साडेबाराशे लिटर, तेही काही तासांत. आता हे पाणी जोत्याला लागूनच मुरत असेल, तर तिथली माती मऊ पडणार, आणि घराच्या मधल्या भागाखालची कोरडीच राहणार. एकाच घराखाली दोन प्रकारची जमीन तयार झाली.

हे पाणी काय करतं ते मातीच्या जातीवर ठरतं. बारीक वाळू किंवा पोयटा असेल तर वाहतं पाणी कण घेऊन जातं आणि फुटिंगखाली, म्हणजे पायाच्या तळाच्या रुंद भागाखाली, पोकळी राहते. गळकी ड्रेनेज लाइन हे काम सर्वांत गुपचूप करते, कारण माती वाहून जायला तिने आयती वाट दिलेली असते. काळी, चिकट माती असेल तर प्रकार निराळा. त्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. पावसाळ्यात कडेची माती घराला वर ढकलते, उन्हाळ्यात पायाखालून सुटते. वरच्या साधारण साडेतीन मीटरपर्यंतच्या थरात हा खेळ चालू शकतो. आणि आपला पाया पुष्कळदा दीड मीटरवरच थांबलेला असतो.

अशा मातीत झाड हा स्वतंत्र विषय आहे. मुळं काँक्रीट फोडून आत घुसतात असं लोकांना वाटतं; प्रत्यक्षात मुळांचा मोठा उपद्रव म्हणजे पाणी शोषणं. पिंपळ, वड, निलगिरी, विलो, पॉपलर ही मंडळी मातीतला ओलावा खूप लांबून ओढतात, आणि झाडाच्या बाजूचा पाया आकसलेल्या मातीबरोबर खाली जातो. म्हणून रागाच्या भरात ते झाड तोडू नका. वर्षानुवर्षं सुकलेल्या मातीत पाणी परत साचायला लागतं, ती फुगते, आणि जो कोपरा खाली गेला होता तो वर उचलला जातो. नव्या भेगा, उलट्या दिशेच्या. झाड घरापेक्षा जुनं असेल तर हा धोका विशेष.

भराव हे दुसरं मोठं कारण. बुजवलेली विहीर, जुना ओढा, कचऱ्याने भरलेला खड्डा यांच्यावर घराचा एखादा कोपरा आला की तो बसणारच. उतारावरच्या प्लॉटमध्ये अर्धी जमीन खणून आणि अर्धी भरून सपाटी केलेली असते. घराचा एक पाय कणखर जमिनीवर आणि दुसरा भरावावर. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून म्हणजे ठोकून दाबून घातला असेल तर ठीक. डंपरने एकदम ओतून वर फरशी टाकली असेल, तर तो पुढे कित्येक पावसाळे बसत राहतो.

बाकीची कारणं पटकन. दोन मजल्यांच्या हिशोबाच्या पायावर तिसरा चढवणं. जुन्या घराला नवी खोली जोडताना दोघांच्या भिंती घट्ट बांधून टाकणं. जुनं घर बसून झालेलं असतं, नवं बसायचं असतं, मग जोडावर उभी भेग ठरलेली. शेजारी तळघरासाठी खोल खोदाई. उंदीर-घुशींची जोत्याखालची बिळं, ज्यांतून पावसाचं पाणी थेट आत जातं. फार थंड प्रदेशात गोठणारी जमीन, जिच्यात बर्फाचे थर साचत जाऊन पाया उचलला जातो. आणि क्वचित काँक्रीट स्वतःच: जमिनीत सल्फेट जास्त असेल तर सिमेंटचं बंधन तुटतं, सळीवरचा काँक्रीटचा थर कमी असेल तर सळी गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

भूजल उपसण्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. इंग्लंडमधलं विंचेस्टर कॅथेड्रल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खचत होतं. पायाखाली कुजट, दबणारी माती आणि तिच्यात भरलेलं पाणी. पाणी उपसून कोरड्यात काम करावं, तर मातीला असलेला पाण्याचा आधार जाऊन भिंतीच कोसळण्याची भीती. शेवटी १९०६ ते १९११ अशी पाच-सहा वर्षं विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या त्या गढूळ पाण्यात, काळोखात, हाताने चाचपत उतरत राहिला आणि काँक्रीटची पोती रचून त्याने पाया पक्का केला. पाणी वाढलं तर धोका हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते एकाएकी कमी झालं तरी जमीन बसते, हे शेजारच्या खोदाईत पंप लागला की आठवावं.

पायरी १: आधी बाहेरून फेरी मारा

लोक आतल्या भेगेपुढे उभे राहतात. तुम्ही छत्री घ्या आणि जोराचा पाऊस चालू असताना घराभोवती फिरा. कोरड्या दिवसाच्या दहा फेऱ्यांत कळणार नाही ते या एकीत कळतं. छपराचं पाणी कुठे पडतं? अंगणातलं पाणी घरापासून लांब पळतं की जोत्याशी येऊन उभं राहतं? पाऊस थांबल्यावर तासाभराने कुठे डबकं उरलंय?

मग कोरडं झाल्यावर पुन्हा. जोत्याभोवतीचा काँक्रीटचा पट्टा भिंतीपासून सुटलाय का? सुटलेल्या फटीत स्टीलची पट्टी घालून पाहा. वीतभर आत गेली तर खाली पोकळी असायला जागा आहे. काळ्या मातीत उन्हाळ्यात भिंत आणि जमीन यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडते, तीही टिपून ठेवा. शोषखड्डा, सेप्टिक टँक, पाण्याची जमिनीतली टाकी आणि मोठी झाडं भेगेच्या बाजूलाच आहेत का? कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढा आणि हे सगळं त्यावर मांडा. भेगाही त्याच नकाशावर. अर्ध्या वेळा कागदच उत्तर देतो.

पायरी २: भेग वाचायला शिका

पायाच्या हालचालीची भेग सहसा तिरपी जाते. विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून सुरू होते, कारण भिंत तिथे कमजोर असते. गिलाव्यावर ती सरळ तिरकी रेघ दिसते. रेघ विटेपर्यंत गेली आहे का हे पाहायला एका जागी चार बोटं गिलावा उकरा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तीच भेग असेल तर ती आरपार आहे.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला भिंतीपाशी उभं करून दाखवतो. तिरपी भेग ज्या बाजूला वर चढत जाते, ती बाजू बसलेली असते. समजा भेग डावीकडे खाली सुरू झाली आणि उजवीकडे वर गेली. भेगेच्या वरचा-डावा तुकडा जागेवर थांबला आहे, खालचा-उजवा तुकडा निसटून खाली गेला आहे. म्हणजे उजव्या टोकाच्या पायाखाली शोधा. एका पावाचे तिरके दोन भाग करून खालचा भाग थोडा ओढून पाहा, फट तशीच पडते.

रुंदीही बोलते. वर रुंद आणि खाली निमुळती भेग असेल तर घराची टोकं खाली जात आहेत, मधला भाग तगून आहे. खाली रुंद, वर निमुळती असेल तर मध्य बसतोय. रुंदीचा सर्वसाधारण मापदंड असा: ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे केसासारखी, सोडून द्या. १ मिमीपर्यंत बारीक, रंगकामात झाकली जाते. ५ मिमीपर्यंत दारं किंचित अडकू लागतात. इथे मोजणी सुरू करा. ५ ते १५ मिमीला अभियंता हवाच. १५ ते २५ मिमीला भिंतीचे तुकडे पाडून नव्याने बांधावे लागतात, आणि २५ मिमीच्या पुढे भिंत उभी राहील याचीच खात्री नसते.

पण मला स्वतःला रुंदीपेक्षा दोन गोष्टींची जास्त धास्ती वाटते. एक म्हणजे भेगेवरून बोट फिरवल्यावर एक कड दुसरीपेक्षा पुढे आलेली लागणं. भिंत नुसती उघडली नाही, ती बाहेर कलते आहे. ओळंबा सोडून खात्री करा. दुसरी म्हणजे ताजेपणा. जुन्या भेगेच्या आत धूळ, जाळी, रंगाचे ओघळ असतात, कडा बोथट असतात. ताज्या भेगेच्या कडा धारदार आणि आतला रंग स्वच्छ. रंग दिल्यानंतर सहा महिन्यांत रंगालाच चिरत गेलेली भेग म्हणजे हालचाल चालू आहे.

तळघराच्या किंवा माती अडवणाऱ्या भिंतीला मध्यावर आडवी भेग आणि आत फुगवटा दिसला, तर तिथे बसण्याचा संबंध नाही. बाहेरची ओली माती ढकलते आहे. नुसतं पाणी धरलं तरी दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे एक टन दाब वाढतो. दोन मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या पायथ्याशी दोन टन.

पायरी ३: दारं, खिडक्या, फरशी

दार अडकलं की पाया बिघडला असं नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं. पण फुगलेलं दार लांबीभर घासतं, आणि चौकट तिरकी झाली असेल तर दार वरच्या एकाच कोपऱ्यात घासतं. दार आणि चौकट यांच्यातली फट एकीकडे जाड, दुसरीकडे शून्य अशी पाचरीसारखी दिसते. कडी कोयंड्याच्या खाली-वर जायला लागते.

याची एक सोपी मोजणी आहे. टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. काटकोनातल्या चौकटीत ते सारखे येतात. ०.९ बाय २.१ मीटरच्या चौकटीची एक बाजू फक्त ३ मिलिमीटर खाली गेली, तर कर्णांत साडेपाच मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, आणि तो टेपवर स्वच्छ दिसतो. अर्थात सुताराने चौकट मुळातच वाकडी बसवलेली असू शकते. म्हणून आकडे तारखेसकट चौकटीच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहा आणि तीन महिन्यांनी परत मोजा. आकडा हलला तरच त्याला अर्थ.

फरशीच्या बाबतीत मोठी गफलत होते. फरशी खाली गेली आणि स्कर्टिंगखाली फट पडली, पण भिंतीला काही नाही, तर जोत्यातला भराव बसलाय. पाया बहुधा ठीक आहे. हे काम त्रासाचं असतं, फरशी काढून भराव परत दाबावा लागतो, पण घर त्याने धोक्यात येत नाही. उलट फरशीसकट भिंत कलली असेल, पाणी एका कोपऱ्याकडेच वाहत असेल, तर पायाकडे वळा.

पायरी ४: पायाच्या नसलेल्या भेगा बाजूला काढा

गिलाव्यावर जाळीसारख्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या चिरा: गिलाव्यावर पाणी कमी मारलं गेलं. वीट आणि बीम-कॉलम यांच्या सांध्यावर सरळ रेघ: दोन वेगळी सामानं, मध्ये जाळी लावली नव्हती. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खालून भिंतीला आडवी भेग: स्लॅब उन्हात ताणतो. दहा मीटर लांब स्लॅब ३० अंशांच्या फरकाने साधारण ३ मिलिमीटर लांबतो, भिंत तेवढी लांबत नाही. कॉलमच्या कोपऱ्यावर सळीच्या रेषेत उभी भेग, तपकिरी डाग, आणि हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज: सळी गंजली. हे शेवटचं दुखणं पायाचं नसलं तरी किरकोळ नाही.

खालच्या मजल्यावर भेगा ठळक आणि वरती जाताना विरळ, की उलट, हेही पाहा. पायाची गोष्ट बहुधा खालून सुरू होते, उन्हाची वरून.

पायरी ५: वर्षभर मोजा

इथे सगळ्यांचा धीर सुटतो. पण हलणारी भेग आणि हलून थांबलेली भेग यांचा इलाज पूर्ण वेगळा, आणि ते एका भेटीत कोणालाच सांगता येत नाही.

भेगेच्या दोन्ही बाजूंना, साधारण दहा सेंटिमीटर अंतरावर, एक-एक स्क्रू भिंतीत पक्का बसवा. गिलाव्यात नको, विटेत. दोन स्क्रूंमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि वहीत तारीख, अंतर, पाऊस होता का, एवढं लिहा. भेगेची दोन्ही टोकं जिथे संपतात तिथे पेन्सिलीने आडवी खूण आणि तारीख. जुने गवंडी भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवतात. भेग हलली की काच तडकते. ती पद्धत आजही चालते, फक्त ती "हललं" एवढंच सांगते, किती आणि कुठे ते सांगत नाही.

दर महिन्याला एकदा मोजा, निदान एक पूर्ण वर्ष. पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी भेग म्हणजे फुगणारी-आकसणारी माती. ऋतू कोणताही असो, आकडा वाढतच चालला असेल तर पाया बसतोय. आणि बारा महिने आकडा तिथल्या तिथे घुटमळला तर जे व्हायचं ते होऊन गेलं.

घराची पातळी पाहायची तर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लावतात ती लेव्हल लावा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, दोन्ही तोंडं उघडी ठेवा, आणि प्रत्येक कोपऱ्याच्या भिंतीवर समान उंचीची बारीक खूण करा. चार महिन्यांनी तीच नळी परत लावली की कोणता कोपरा किती गेला ते दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने कळतं.

मातीची जात घरच्या घरी ताडून पाहायची असेल तर ती उन्हात खडखडीत वाळवा, कुटा, बारीक चाळणीतून काढा. दोन सारख्या उभ्या काचेच्या नळ्यांत दहा-दहा ग्रॅम टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरा, नीट ढवळून हवेचे बुडबुडे घालवा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त उंच दिसली, तर फुगणाऱ्या मातीवर बसलोय असं धरून चाला. प्रयोगशाळेतली तपासणी याच तत्त्वावर चालते. तुमची ढोबळ, त्यांची काटेकोर.

पायरी ६: तोवर पाणी तोडा

मोजणी चालू असताना हात बांधून बसायचं नाही. भेगेचं कारण ओळखण्यात चूक झाली तरी या कामाने नुकसान होत नाही.

घराभोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा. पहिल्या तीन मीटरांत १५ सेंटिमीटर उतार पुरतो. त्यासाठी वाळू टाकू नका, ती पाणी गिळते. न फुगणारी, दाबता येणारी माती किंवा मुरूम टाकून धुम्मस करा. छपराचा प्रत्येक पाइप जोत्यापासून निदान दोन मीटर लांब किंवा थेट गटारात न्या. जोत्याला चिकटलेले फुलझाडांचे वाफे आणि कुंड्या लांब हलवा. रोज पाणी घातलेला वाफा म्हणजे पायाला लावलेला नळच.

गळती शोधायला रात्री सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहा, कोणी पाणी वापरू नका, सकाळी पाहा. आकडा पुढे गेला असेल तर पाणी कुठेतरी जमिनीत जातंय. मीटरनंतरची वरची टाकी आणि तिच्या पुढची लाइन वेगळी तपासायला टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, टाकीत येणारं पाणी बंद ठेवा. ड्रेनेजला मीटर नसतो. चेंबरचं झाकण उघडून वरच्या टोकाला रंगीत पाणी सोडा, पुढच्या चेंबरला तेवढंच पोचतं का पाहा.

पुष्कळ घरांत एवढ्यानेच पुढच्या वर्षी वहीतले आकडे थांबतात. इथेच प्रकरण मिटलं तर पुढची पायरी वाचायचीही गरज नाही.

पायरी ७: अभियंता बोलवा आणि खड्डा घ्या

आकडे वाढत असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि मातीसाठी भू-तांत्रिक सल्लागार. पाया दुरुस्तीची कंत्राटं घेणाऱ्याला निदान करायला लावू नका. ज्याच्याकडे पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) मारायचं यंत्र आहे त्याला प्रत्येक घराला पाइल लागतातच. नकाशा, फोटो आणि वही त्यांच्यापुढे ठेवा. चांगला माणूस आधी वही वाचेल.

चाचणीखड्डा दोन ठिकाणी घ्यायला सांगा: जिथे बिघाड आहे तिथे, आणि जिथे सगळं ठीक आहे तिथेही. तुलनेशिवाय माती काही सांगत नाही. फुटिंग किती खोल आहे, किती रुंद आहे, खाली काय आहे, ओल कुठून येते, हे डोळ्यांनी दिसतं. खड्डा फुटिंगच्या तळापर्यंतच. त्याच्या खाली आणि भिंतीच्या लांबीभर चर कधीही एकदम खणू नका. आधीच दमलेल्या पायाची शेजारची माती काढून घेणं म्हणजे लंगड्याची काठी ओढणं.

पायरी ८: दुरुस्ती, थोडक्यात

पायाखाली आणखी खोल काँक्रीट घालून त्याला कणखर थरावर टेकवणं, याला अंडरपिनिंग म्हणतात. हे काम एक ते दीड मीटरच्या तुकड्यांनी करतात, आणि शेजारचे दोन तुकडे कधी एका वेळी उघडत नाहीत. आज पहिला, मग चौथा, मग सातवा; ते घट्ट झाल्यावर दुसरा, पाचवा. गवंडी म्हणाला "सगळं एकदम उघडू, लवकर होईल", तर काम तिथेच थांबवा. पोकळी असेल तिथे ग्राउटिंग, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने आत भरणं. जागा अडचणीची आणि चांगला थर खोल असेल तिथे मायक्रोपाइल, म्हणजे बारीक पाइल. फुगणाऱ्या मातीत नवी खोली जोडायची असेल तर खाली कंदासारखा फुगार असलेले अंडर-रीम्ड पाइल, हलणाऱ्या थराच्या खाली नेलेले, आणि जुन्या-नव्यात मोकळा सांधा.

थांबायचं नाही अशा वेळा

रात्रीत भेग वाढली. भिंतीतून कडकड आवाज येतोय. कालपर्यंत उघडणारं दार आज हलेना. कॉलमवर तिरपी भेग, कोपऱ्याचे तुकडे पडतायत, सळ्या वाकून बाहेर आल्यायत. तुळईचं टोक भिंतीतून सरकलंय. शेजारी खोदाई चालू असताना जमिनीवर तिच्याशी समांतर चीर उमटली. यातलं काहीही दिसलं तर मोजणी, वही, फोटो सगळं बाजूला ठेवा आणि माणसं बाहेर काढा. जमल्यास गॅस आणि विजेचं मुख्य बटण बंद करून. सामानासाठी परत आत जायचं नाही.

शेवटी भेग भरायची

वर्षभर आकडा स्थिर राहिला, किंवा दुरुस्तीनंतर एक पावसाळा निघून गेला, की मग. भेगेच्या दोन्ही बाजूंचा सुटा गिलावा काढा, विटा निघत असतील तर त्या बदला, अखंड विटा सांध्यावर येतील अशा बसवा. बारीक भेगेला चुना-सिमेंटचा मसाला पुरतो; नुसत्या कडक सिमेंटने भरली तर पुढची चीर शेजारीच पडते. ऋतूबरोबर थोडी उघडझाप करणारी भेग असेल तर ताणली जाणारी सीलंट भरा. वरून जाळी, गिलावा, रंग. दोन स्क्रू मात्र रंगवून भिंतीतच राहू द्या, पुढच्या उन्हाळ्यात परत कॅलिपर लावायला.